श्रद्धा, ज्ञान आणि अज्ञेयवाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवाविषयी बोलताना 'मला माहीत आहे' आणि 'माझा विश्वास आहे' ही दोन वाक्यं हमखास एकमेकांत मिसळतात. श्रद्धाळू आणि अज्ञेयवादी यांच्यातले निम्मे वाद या सरमिसळीतूनच उभे राहतात, असं माझं मत आहे. म्हणून खालच्या प्रत्येक उत्तरात मी आधी एवढंच पाहिलं आहे की इथे दावा ज्ञानाचा आहे की विश्वासाचा. मी स्वतः अज्ञेयवादाच्या बाजूला झुकतो. ते आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे वाचताना माझा कल तुम्हाला ठाऊक असेल.

अज्ञेयवाद म्हणजे नेमकं काय?

देव आहे की नाही, मृत्यूनंतर काही उरतं की नाही, या विश्वामागे काही हेतू आहे की नाही, याचं ज्ञान आपल्याला नाही असं मानणारी भूमिका म्हणजे अज्ञेयवाद. त्यात दोन छटा आहेत. मवाळ अज्ञेयवादी म्हणतो, 'आज मला माहीत नाही. उद्या कळलं तर मान्य करीन.' कडक अज्ञेयवादी म्हणतो, 'माणसाच्या बुद्धीची घडणच अशी आहे की हे कुणालाही, कधीही कळणार नाही.' मला पहिली भूमिका जास्त प्रामाणिक वाटते. 'कधीच कळणार नाही' हा सुद्धा ज्ञानाचाच दावा झाला, आणि तोही सिद्ध करावा लागतो.

हे नाव थॉमस हेन्री हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये रूढ केलं. विचार मात्र पुष्कळ जुना आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात प्रोटॅगोरस या ग्रीक विचारवंताने म्हटलं होतं की देव आहेत की नाहीत हे मला कळू शकत नाही. विषय गहन आहे आणि माणसाचं आयुष्य तोकडं.

म्हणजे अज्ञेयवादी हा जरा भिडस्त नास्तिकच ना?

नाही. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला: तुम्ही देव मानता का? दुसरा: देव आहे किंवा नाही हे तुम्हाला *माहीत* आहे असा तुमचा दावा आहे का? पहिल्याचं उत्तर श्रद्धेचं, दुसऱ्याचं ज्ञानाचं. त्यामुळे माणसं चार ठिकाणी उभी असू शकतात. देव मानणारा आणि ते पक्कं माहीत आहे म्हणणारा. देव मानणारा पण 'हे सिद्ध करता येणार नाही' असं कबूल करणारा. देव न मानणारा पण ठाम दावा टाळणारा. आणि देव नाहीच हे माहीत आहे म्हणणारा. मधले दोघंही ज्ञानाच्या बाबतीत अज्ञेयवादीच आहेत. त्यातला एक रोज प्रार्थना करतो, दुसरा करत नाही, एवढाच फरक.

बर्ट्रंड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४७ मध्ये हा पेच स्वतःपुरता असा सोडवला: तत्त्वज्ञांपुढे बोलताना मी स्वतःला अज्ञेयवादी म्हणवीन, कारण देव नाही हे निर्णायकपणे सिद्ध करण्याची युक्ती माझ्याकडे नाही, पण सामान्य माणसाशी बोलताना नास्तिक म्हणणंच योग्य, कारण होमरच्या प्राचीन ग्रीक काव्यातले देव नाहीत हेही मला सिद्ध करता येत नाही, तरी मी त्यांना धरून चालत नाही. चार्ल्स डार्विन मात्र १८७९ मधल्या एका पत्रात लिहितो की देवाचं अस्तित्व नाकारण्याच्या अर्थाने मी कधीच नास्तिक नव्हतो. अज्ञेयवादी हेच माझ्या मनःस्थितीचं जास्त बरोबर वर्णन ठरेल. दोघांचंही अज्ञान सारखं, कल वेगळे. तेव्हा 'अज्ञेयवादी' एवढ्यावरून माणसाचा कल ओळखू जाऊ नका, त्यालाच विचारा.

श्रद्धाळू माणूस स्वतः काय म्हणतो? त्याला ज्ञान असतं की विश्वास?

इथे धर्मपरंपरांमध्येच एकमत नाही, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

नैयायिकांना, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शनाच्या पंडितांना, देव अनुमानाने सिद्ध करता येतो असं वाटत होतं. उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी युक्तिवादांची मालिकाच रचली: कार्य आहे म्हणजे कर्ता हवा, इथपासून सुरुवात. म्हणजे त्यांचा दावा सरळ ज्ञानाचा होता. त्याउलट मीमांसक, म्हणजे वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे पंडित, वेद पूर्ण प्रमाण मानत, पण त्यासाठी जगाचा कर्ता असलेल्या ईश्वराची त्यांना गरज वाटली नाही. वेदांवर अढळ निष्ठा आणि जगत्कर्त्याबद्दल नकार, हे दोन्ही एकाच दर्शनात नांदू शकतं.

ख्रिस्ती परंपरेत तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने श्रद्धेला ज्ञान आणि मत यांच्या मधली जागा दिली. मत डळमळीत असतं. श्रद्धा ठाम असते. पण ज्ञानात बुद्धीला गोष्ट स्वच्छ दिसते म्हणून ती मान्य करते, तर श्रद्धेत इच्छेच्या जोरावर होकार दिला जातो. मला ही मांडणी फार मोलाची वाटते, कारण एका कट्टर श्रद्धावंतानेच इथे मान्य केलं आहे की श्रद्धेचा ठामपणा आणि ज्ञानाचा ठामपणा एकाच जातीचे नाहीत. देवाचं अस्तित्व युक्तीने दाखवता येतं असं त्याला वाटत होतं, हे खरं. पण धर्मातली कित्येक सत्यं युक्तीच्या पल्याड आहेत आणि ती श्रद्धेनेच घ्यायची, हेही तो तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

ज्ञान म्हणायचं तरी कशाला?

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात बराच काळ एक व्याख्या चालली: तुमची समजूत असली पाहिजे, ती खरी असली पाहिजे, आणि ती मानायला पुरेसा आधार असला पाहिजे. १९६३ मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने जेमतेम तीन पानांच्या निबंधात दाखवून दिलं की या तिन्ही अटी पुऱ्या होऊनही माणूस केवळ योगायोगाने बरोबर ठरलेला असू शकतो. तेव्हापासून या व्याख्येची डागडुजी चालूच आहे.

आपल्याकडची पद्धत मला जास्त कामाची वाटते: ज्ञान कुठल्या वाटेने आलं ते विचारा. न्यायदर्शन चार प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, मानतं: प्रत्यक्ष (स्वतःचा अनुभव), अनुमान (तर्क), उपमान (साम्यावरून कळणं) आणि शब्द (विश्वासू माणसाचं किंवा ग्रंथाचं सांगणं). चार्वाक या जडवादी पंथाने फक्त प्रत्यक्षाला मान दिला. देवाविषयी कुणी काही सांगितलं की मी मनातल्या मनात एवढंच विचारतो: हे यांनी पाहिलं, तर्काने काढलं, की कुणावर तरी भरवसा ठेवून घेतलं? प्रत्येक वाटेवरचे धोके वेगळे आहेत. पाहण्यात भ्रम होतो, अनुमानात हेत्वाभास, म्हणजे सदोष कारण, शिरतो आणि शब्दात सांगणारा चुकू शकतो.

पण आपण सगळेच शब्दप्रमाणावर जगतो. डॉक्टरवर विश्वास ठेवता, मग धर्मग्रंथावर का नाही?

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर मी स्वतः मोजलेलं नाही. माझा जन्म कोणत्या दिवशी झाला हेसुद्धा मला दुसऱ्यांनी सांगितलेलं आहे. आप्तवाक्य, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं, वगळलं तर माणसाचं ज्ञान जवळजवळ संपतंच. त्यामुळे 'मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलंच मानतो' असं म्हणणारा अज्ञेयवादी स्वतःच्याच आयुष्याविषयी चुकीचं बोलतो.

फरक पुढच्या पायरीवर आहे. डॉक्टरने दिलेलं औषध लागू पडलं नाही तर ते कळतं. दुसऱ्या डॉक्टरला विचारता येतं, आणि दोघांचं पटलं नाही तर ते कशाने ठरवायचं हे दोघांनाही साधारण मान्य असतं. धर्मग्रंथांमध्ये परस्परविरोध आला, समजा एक म्हणाला पुनर्जन्म आहे आणि दुसरा म्हणाला एकच जन्म आहे, तर निवाडा कुठे मागायचा? दोन्हीकडचे अनुयायी आपापल्या ग्रंथाकडेच बोट दाखवतात. अज्ञेयवादी अडतो तो इथे. त्याला शब्दप्रमाण नकोसं नसतं. दोन शब्दप्रमाणांत निवड कशी करायची हे त्याला कळत नसतं.

श्रद्धाळूंचं यावरचं सर्वांत भक्कम उत्तर माझ्या मते असं आहे: माणसावरचा विश्वासही आपण आधी पुरावा गोळा करून ठेवत नाही. जवळीक वाढत जाते तसा तो वाढतो, आणि जो अंतर राखून उभा राहतो त्याला ती जवळीक कधीच कळत नाही. या उत्तरात दम आहे. पण समोर कुणी आहे हे धरून चालल्याशिवाय ते उभं राहत नाही, आणि प्रश्न नेमका तोच होता.

देव नाही हे सिद्ध करता येत नाही. मग शक्यता निम्मी-निम्मी झाली का?

मुळीच नाही. एखादी गोष्ट खोटी ठरवता येत नाही म्हणून तिची शक्यता आपोआप निम्मी होत नाही. रसेलने १९५२ मध्ये लिहिलेल्या एका लेखात चहाच्या किटलीचं उदाहरण दिलं: पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये एक चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरते आहे, आणि ती इतकी लहान आहे की कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही, असं मी म्हणालो तर कुणालाच ते खोटं पाडता येणार नाही. तरी ते मानायला कुणी बांधील नाही. जो दावा करतो त्याने आधार द्यायचा.

हे उदाहरण मात्र जपून वापरावं. किटली ही जगातल्या वस्तूंतली एक वस्तू. बहुतेक धार्मिक विचारवंत देवाला तशी वस्तू मानतच नाहीत. ते त्याला सगळ्या अस्तित्वाचा आधार म्हणतात. 'काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे?' हा प्रश्न किटलीने सुटत नाही. म्हणून दावा कोणता आहे ते आधी पाहा. 'अमुक तारखेला जग बुडणार' असा ठोस दावा तपासता येतो आणि वेळोवेळी असे दावे खोटे ठरलेही आहेत. 'या विश्वाला आधार देणारं काहीतरी आहे' हा दावा तसा तपासता येत नाही. पहिल्यापुढे 'मला माहीत नाही' म्हणण्याचं कारण नाही, दुसऱ्यापुढे आहे.

मला स्वतःला प्रचिती आली आहे. ते ज्ञान नाही का?

ब्लेझ पास्कल हा सतराव्या शतकातला पहिल्या फळीचा गणिती. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री, साधारण साडेदहापासून मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासापर्यंत, त्याला एक अनुभव आला. तो त्याने कागदावर टिपून ठेवला. वर तारीख आणि वेळ, मग 'अग्नी' हा एकच शब्द, मग अब्राहम, इसहाक आणि याकोब यांचा देव, तत्त्वज्ञ आणि पंडितांचा नव्हे. मग 'निश्चिती, निश्चिती, भावना, आनंद, शांती'. हे टिपण त्याने कुणाला दाखवलं नाही. १६६२ मध्ये तो गेल्यावर ते त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेलं सापडलं. इतकी वर्षं ते तो अंगावर वागवत होता.

या माणसाला 'तुला काही झालं नव्हतं' असं सांगायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. त्याला निश्चिती लाभली होती हे उघड आहे. पण त्याची निश्चिती माझ्यापर्यंत पोचते ती फक्त एका बातमीच्या रूपात. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञ-मानसशास्त्रज्ञाने धार्मिक अनुभवांचा अभ्यास करून १९०२ मध्ये जो निष्कर्ष मांडला तो मला पूर्ण पटतो: असा अनुभव ज्याला आला त्याच्यावर त्याची सत्ता चालते आणि ती चालावी हे योग्यच आहे, पण ज्याला तो आला नाही त्याने तो मुकाट्याने मान्य करावा, असं बंधन त्यातून निघत नाही.

आणखी एक गोष्ट प्रचिती सांगणाऱ्यांनीही मनावर घ्यावी. वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांना वेगवेगळी प्रचिती येते, आणि ती बहुधा ज्या परंपरेत ते वाढले तिच्याच भाषेत येते. यावरून अनुभव खोटा ठरत नाही. पण अनुभव आणि त्याला आपण लावलेला अर्थ यांत अंतर असू शकतं, एवढं तरी मान्य करावं लागतं.

पुरेसा पुरावा नसताना विश्वास ठेवणं चूक आहे का?

या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितीने १८७७ मध्ये एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली. जहाज जुनं झालेलं, अनेकदा दुरुस्त केलेलं. ते समुद्रात टिकेल की नाही अशी शंका मालकाच्या मनात येते. तपासणी करायची तर खर्च. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतके प्रवास झाले, इतकी वादळं पचवली, दैव जहाजावरच्या, देश सोडून निघालेल्या या कुटुंबांना सांभाळून घेईलच. हळूहळू त्याला मनापासून खात्री वाटू लागते. जहाज निघतं, भर समुद्रात बुडतं, आणि मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हा बचाव चालणार नाही, कारण तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि पुढे: जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी राहिला असता. त्यातून क्लिफर्डचा नियम निघाला की अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं सदासर्वदा आणि प्रत्येकासाठी चूकच.

विल्यम जेम्सने १८९६ मध्ये याला उत्तर दिलं. काही प्रश्न असे असतात की निर्णय पुढे ढकलणं हाही निर्णयच ठरतो. पर्याय जिवंत असेल, म्हणजे तुम्हाला तो खरोखर शक्य वाटत असेल. तो अटळ असेल, म्हणजे तिसरी वाट नसेल. त्यावर आयुष्यातलं मोठं काही अवलंबून असेल. आणि बुद्धीने तो सुटण्यासारखा नसेल, तर मनाच्या ओढीने निवड करणं गैर नाही. जेम्सच्या मते 'खोटं मानायचं नाही' आणि 'खरं हातचं जाऊ द्यायचं नाही' ही दोन वेगळी कर्तव्यं आहेत. क्लिफर्ड पहिल्याला इतका घाबरतो की दुसरं विसरतो.

माझा कौल असा आहे. ज्या विश्वासाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते तिथे क्लिफर्ड बरोबर. आजारी मुलाला औषध न देता केवळ प्रार्थनेवर ठेवणारा पालक हा त्या जहाजमालकाच्या जागी उभा आहे. ज्या विश्वासाचा भार माणूस स्वतःच वाहतो तिथे जेम्स बरोबर. दुःखात कुणी देवाला हाक मारली, आयुष्याला अर्थ आहे असं मानून जगलं, तर त्याच्याकडे पुराव्याची पावती मागायला जाणं मला अमानुष वाटतं.

पास्कलच्या पैजेचं काय? देव मानण्यात तोटा काहीच नाही ना?

पैज थोडक्यात अशी: देव मानला आणि तो असला तर अनंत लाभ, नसला तर किरकोळ तोटा, म्हणून मानणं शहाणपणाचं. पहिली अडचण: कोणता देव? प्रत्येक धर्माला हीच पैज लावता येते आणि त्यांतले काही एकमेकांच्या अनुयायांना वगळतात. दुसरी अडचण: फायद्याकडे बघून मनापासून विश्वास ठेवता येत नाही. पास्कलला हे ठाऊक होतं, म्हणून तो विश्वास असल्यासारखं वागायला सांगतो. सवयीने मन वळतं असं तो म्हणतो. ज्याला विश्वास हवासा आहे पण बुद्धी आड येते, अशा वाचकासाठी तो लिहीत होता. देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून ही पैज मांडणं हा पास्कलवर अन्याय आहे.

गीतेत तर 'संशयात्मा विनश्यति' म्हटलं आहे. मग संशय घेणं वाईटच ना?

चौथ्या अध्यायातला तो श्लोक पूर्ण वाचा. 'अज्ञश्चाश्रद्दधानश्च संशयात्मा विनश्यति', म्हणजे ज्याला ज्ञानही नाही, श्रद्धाही नाही आणि ज्याचं मन संशयानेच भरलेलं आहे त्याची ही गत. समोर अर्जुन बसलेला आहे. त्याला कृती करायची आहे आणि तो जागचा हलत नाही. त्याच्या आधीच 'प्रश्न विचारून, नमून, सेवा करून ज्ञान मिळव' अशा अर्थाचा श्लोक येतो, आणि अर्जुन तर शेवटपर्यंत विचारतच राहतो. प्रश्न विचारणारा आणि संशयाने लुळा पडलेला या दोघांत गीता भेद करते, असा मी त्याचा अर्थ घेतो. अज्ञेयवाद्याने या श्लोकातून घेण्यासारखंही आहे: 'माहीत नाही' म्हणताना काही न करता बसून राहणं परवडत नाही.

सतराव्या अध्यायात 'यो यच्छ्रद्धः स एव सः' असं येतं, ज्याची जशी श्रद्धा तसा तो. तिथे श्रद्धा म्हणजे माणसाच्या सगळ्या वागण्याचा कल. या अर्थाने श्रद्धा अज्ञेयवाद्यालाही असते. प्रामाणिकपणा जपण्यासारखा आहे हे तो कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध करून मग पाळत नाही.

धर्मपरंपरांमध्ये 'माहीत नाही' या उत्तराला जागा आहे का?

आहे, आणि ती मानाची आहे. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली हे विचारत विचारत शेवटी म्हणतं की परम आकाशात बसून जो हिच्यावर देखरेख करतो त्याला ते माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. केनोपनिषदात 'यस्यामतं तस्य मतं' असं आहे: ब्रह्म कळलं नाही असं ज्याला वाटतं त्याला ते कळलं, कळलं म्हणणाऱ्याला ते कळलेलंच नाही. बाराव्या शतकातला यहुदी विचारवंत मायमोनिडीझ म्हणतो की देव काय नाही एवढंच आपल्याला सांगता येतं.

बुद्धाची भूमिका याहून वेगळी. जग शाश्वत आहे का, जीव आणि शरीर एकच का, तथागत (बुद्धत्वाला पोचलेला) मरणानंतर असतो का, असे प्रश्न मालुंक्यपुत्त या भिक्षूने विचारले तेव्हा बुद्धाने विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण मारणारा कोण, कोणत्या कुळातला, धनुष्याची दोरी कशाची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असं तो म्हणाला तर त्याआधीच मरेल. इथे भर 'कळू शकत नाही' यावर नाही. 'ते कळून दुःख सुटत नाही' यावर आहे.

यांपैकी कुणालाही आजच्या अर्थाने अज्ञेयवादी म्हणू नये. उपनिषदांचा ऋषी म्हणतो, ते आहे पण बुद्धीच्या मुठीत मावत नाही. अज्ञेयवादी म्हणतो, ते आहे की नाही हेच मला माहीत नाही. दोघंही गप्प बसलेले दिसले तरी गप्प बसण्याची कारणं वेगळी आहेत.

श्रद्धाळूला शंका आली तर त्याची श्रद्धा संपली का?

नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. देव जवळ असल्याची जाणीव हरवल्याची, आत काळोख असल्याची वेदना त्यांत वर्षानुवर्षं व्यक्त झाली आहे. त्या सगळ्या वर्षांत त्यांचं काम अखंड चालू होतं. तुकोबांनी तर विठ्ठलाला उद्देशून 'माझे लेखी देव मेला' इथवर सुनावलं. ज्याच्याशी नातं नाही त्याच्यावर माणूस असा रागावत नाही. श्रद्धेत निष्ठेचा भाग मोठा असतो, आणि निष्ठा खात्री ओसरल्यावरही टिकू शकते. ज्ञानाच्या बाबतीत असं होत नाही: खात्री गेली की ज्ञानाचा दावा मागे घ्यावाच लागतो.

'माहीत नाही' ही पळवाट नाही का?

कधी कधी असते. बौद्ध त्रिपिटकात काही विचारवंतांचं वर्णन येतं, जे कोणत्याच प्रश्नाला धड उत्तर देत नाहीत. 'असं मी म्हणत नाही, तसंही म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही.' त्यांची कारणंही तिथे दिली आहेत: कुणाला खोटं बोललं जाईल याची भीती, कुणाला आसक्ती जडेल याची, कुणाला उलटतपासणीत अडकण्याची, आणि कुणाला मुळात समजच नाही. हे वर्णन आजही चपखल बसतं.

ओळख सोपी आहे. 'काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?' असं विचारा. ज्याने खरोखर विचार केला आहे तो काहीतरी सांगू शकतो: अमुक युक्तिवाद मला जवळजवळ पटतो पण इथे अडतो, जगातलं निरपराध जीवांचं दुःख मला देवाच्या विरुद्ध जाणारा सर्वांत मोठा मुद्दा वाटतो, निसर्गाचे नियम बुद्धीला कळण्याजोगे आहेत हे मला त्याच्या बाजूने वाटतं. ज्याच्याकडे असं काहीच नाही त्याने अजून प्रश्नाला हात घातलेला नाही. हाच प्रश्न श्रद्धाळूला आणि नास्तिकालाही विचारावा.

विज्ञान पुढेमागे याचा निकाल लावेल का?

पृथ्वीचं वय, जीवसृष्टीची उत्क्रांती, रोगांची कारणं, अशा ज्या ज्या ठिकाणी धर्माने निसर्गाविषयी विधानं केली तिथे विज्ञान बोलू शकतं आणि बोललंही आहे. देव आहे का, हा प्रश्न त्या प्रकारचा आहे का यावरच मतभेद आहे. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८१ मध्ये असा युक्तिवाद केला की आपली बुद्धी अनुभवाच्या कक्षेतच ज्ञान मिळवू शकते. तिच्या पलीकडचं सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. श्रद्धेला जागा करून देण्यासाठी मला ज्ञान बाजूला सारावं लागलं, असं त्याने १७८७ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलं.

देवाविषयी खात्री नसेल तर नीती कशावर उभी राहणार?

ज्या कारणांनी श्रद्धाळू माणूसही दुसऱ्याला इजा करत नाही त्यांतली बहुतेक कारणं अज्ञेयवाद्यालाही उपलब्ध आहेत: दुसऱ्याचं दुःख दिसतं, न्यायाची चाड असते, दिलेला शब्द पाळावासा वाटतो. आगरकरांकडे पाहा. परलोकाच्या हमीवाचून, केवळ बुद्धीच्या आणि माणुसकीच्या आधारावर त्यांनी १८८८ पासून 'सुधारक'मधून स्त्रियांवरच्या अन्यायाविरुद्ध लिहिलं आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. श्रद्धेतून नीतीला बळ मिळतं हेही तितकंच खरं. कित्येकांनी जीव धोक्यात घातला तो देवाचं काम म्हणूनच. बळ कुठून मिळतं हा एक प्रश्न आणि कृत्य योग्य का आहे हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर देताना दोघांनाही सारखीच कारणं द्यावी लागतात.

दुःखाच्या वेळी अज्ञेयवाद्याला कशाचा आधार?

सप्टेंबर १८६० मध्ये हक्सलीचा थोरला मुलगा नोएल लाल तापाने गेला. तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता. चार्ल्स किंग्स्ली या धर्मगुरू मित्राने सांत्वनाचं पत्र पाठवलं. आत्मा अमर आहे या विश्वासाचा आधार त्याने पुढे केला. हक्सलीने त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. माणसाच्या अमरत्वाचा मी स्वीकारही करत नाही आणि इन्कारही नाही, मानायला कारण दिसत नाही आणि खोडून काढायला साधन नाही, असं त्यात आहे. अंत्यविधीच्या वेळी धर्मगुरूंनी बायबलमधलं वचन वाचलं की मेलेले उठणार नसतील तर खाऊ-पिऊ या, कारण उद्या मरायचंच आहे. ते ऐकून आपल्याला किती धक्का बसला हे तो सांगतो. पोटच्या पोराच्या शवपेटीमागे उभं असताना, मोठं दुःख वाट्याला आलं म्हणून मी माणुसकी सोडून द्यायची का, असा त्याचा सवाल आहे. ज्या गोष्टीसाठी पुरावा मिळावा अशी सर्वांत जास्त इच्छा आहे तिथेच पुराव्याविषयी सर्वांत जास्त कडक राहायला हवं, हे त्याने नऊ वर्षांनी त्या भूमिकेला नाव देण्याआधीच जगून दाखवलं.

दोघांची मैत्री टिकली, आणि हा मला त्या पत्राइतकाच महत्त्वाचा भाग वाटतो. किंग्स्लीने आपली श्रद्धा लपवली नाही, हक्सलीने आपलं अज्ञान लपवलं नाही.

श्रद्धेचा आधार जास्त ऊबदार असतो, हे मी मान्य करतो. 'पुन्हा भेट होईल' या वाक्याच्या तोडीचं काही अज्ञेयवादाजवळ नाही. त्याच्याजवळ माणसं असतात, आठवणी असतात, आणि जे माहीत नाही ते माहीत असल्याचं सोंग करावं लागत नाही एवढी मोकळीक असते. काहींना ते पुरतं, काहींना पुरत नाही.

अज्ञेयवादी प्रार्थना करू शकतो का?

करू शकतो. 'तू असशील तर ऐक' अशी सुरुवात करून मनापासून प्रार्थना करणारी माणसं आहेत, आणि त्यात खोटं काही नाही. ज्याला असं बोलताना नाटक केल्यासारखं वाटतं त्याने करू नये.

घरचे श्रद्धाळू आहेत. त्यांना मी कसं सांगू?

घरात आजारपण किंवा मृत्यू असेल तर थोडं थांबा. त्या दिवसांत त्यांचा आधार काढून घेतल्यासारखं होतं. एरवी 'तुमचं चूक आहे' इथून सुरुवात करू नका, कारण अज्ञेयवाद तसं म्हणतही नाही. 'तुम्हाला जशी खात्री वाटते तशी मला वाटत नाही, आणि नसलेली खात्री दाखवणं मला बरोबर वाटत नाही' एवढं पुरे. त्यांच्यासोबत कुठे बसायचं, कशात भाग घ्यायचा आणि कशात नाही हे आधी स्वतःशी ठरवा आणि तेही सांगा, म्हणजे ऐनवेळी कुणाचा पाणउतारा होत नाही. 'मग तू देव मानत नाहीस?' असं ते विचारतील. माहीत नसणं आणि न मानणं यांतला फरक तेव्हा शांतपणे सांगा, आणि तो पहिल्या बैठकीत त्यांच्या गळी उतरला नाही तर पुन्हा कधीतरी सांगा.